हॉलमध्ये बसून 'अनुभवातून शिक्षण' शिकवता येतं का? (इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल)

बारवकाठ

दहावीच्या भूगोलात पहिलाच पाठ 'क्षेत्रभेट' आहे. नळदुर्गहून अलिबागला निघालेली मुलं वाटेत बदलत जाणारी जमीन बघतात, शिक्षकांना विचारतात, टिपून ठेवतात. पाठ मनापासून लिहिलेला आहे. आणि मी पाहिलेल्या कित्येक वर्गांत तो बाकावर बसून आळीपाळीने मोठ्याने वाचला जातो, मग क्षेत्रभेटीची आवश्यकता काय, याचं उत्तर फळ्यावरून वहीत उतरतं आणि पाठ संपतो.

यात मी शिक्षकाला दोष देत नाही. तो विद्यार्थी होता तेव्हा त्याला कुणी नेलं नाही, डी.एड.-बी.एड.ला कुणी नेलं नाही, नोकरी लागल्यावर जी प्रशिक्षणं झाली ती गटसाधन केंद्राच्या हॉलमध्ये, प्रोजेक्टरसमोर. 'कृतियुक्त शिक्षण', 'ज्ञानरचनावाद' (मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार), आता 'अनुभवाधारित शिक्षण' हे सगळे शब्द त्याने पडद्यावर वाचले. जे स्वतः कधी केलं नाही ते चाळीस मुलांना घेऊन करायचं धाडस कोण करेल?

माझं म्हणणं एवढंच आहे: मुलांना परिसरात न्या असं सांगण्याआधी शिक्षकाला स्वतःला एखाद्या गावात, एका खऱ्या प्रश्नामागे, उत्तर माहीत नसताना फिरू द्या. उत्तर माहीत नसताना, यावर माझा सगळा जोर आहे. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर ती गावफेरी होते, शोध होत नाही.

आमच्या तालुक्यात (सोलापूर जिल्हा, कोरडवाहू पट्टा) काही वर्षं आम्ही शिक्षकांबरोबर हे करतो आहोत. सुरुवातीला विषय ठरलेला असतो: १९७२चा दुष्काळ. आमच्याकडे तो अजून घराघरात आहे, सांगणारी माणसं आहेत, आणि गाईडमध्ये त्याचं तयार उत्तर मिळत नाही.

सकाळी शिक्षकांना एकच प्रश्न देतो. या गावचा पाझर तलाव (पाणी जमिनीत मुरवण्यासाठीचा) कुणी बांधला? लगेच उत्तर येतं, सरकारने. सरकारने म्हणजे कुणी? माती कुणी वाहिली? मजुरी कुठे मिळायची, बाईला किती, गड्याला किती? काम इथेच काढायचं कुणी ठरवलं? तलावाचं पाणी आज कुणाच्या विहिरीला लागतं? थोड्या वेळाने शिक्षकच एकमेकांना विचारू लागतात, आणि यातले कुठले प्रश्न आज दिवसभरात सुटतील, कुठले मुळीच सुटणार नाहीत, यावर वाद रंगतो. माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा तास तोच. प्रश्न घडवायला शिकावं लागतं, आणि आपल्या बी.एड.मध्ये उत्तर तपासायला शिकवतात.

मग गट पडतात. एक गट भरावावर जातो. लांबी पावलांनी मोजतो, दगडाचं पिचिंग बघतो, सांडवा कुठे काढलाय ते बघतो, खालच्या अंगाच्या विहिरींत डोकावतो. दुसरा म्हाताऱ्या माणसांकडे. म्हाताऱ्या बायकांकडे शिक्षिकांचा वेगळा गट, कारण पुरुष शेजारी बसले की बायका बोलत नाहीत. चौथा ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे.

संध्याकाळी पारावर जुळवाजुळव करायला बसलं की काहीच जुळत नाही. आजोबा सांगतात काम बहात्तरच्या दिवाळीनंतर निघालं. सांडव्यावरच्या दगडात त्यानंतरचं साल कोरलेलं असतं. एक आजी म्हणतात कामावर सुकडी (मजुरांना वाटलं जाणारं कोरडं पौष्टिक खाणं) मिळायची, दुसऱ्या म्हणतात आमच्या कामावर कुणी दिलीच नाही. मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) लाल भाकरीबद्दल मात्र दुमत नसतं. शिक्षक अस्वस्थ होतात. 'मग खरं काय लिहायचं?' 'इतिहासाची साधने' हा पाठ ते वर्षानुवर्षं शिकवत आलेले असतात: भौतिक, लिखित, मौखिक. आज तिन्ही साधनं पुढ्यात असतात आणि एकमेकांशी भांडत असतात. साल कोरलं ते काम सुरू झाल्याचं की संपल्याचं? सुकडी न मिळालेली आजी दुसऱ्या कामावर होती का? हे विचारायला लागले की मला फार काही बोलावं लागत नाही.

तिथून पुढे वाट लांब जाते. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं राबत होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या काळात राज्यभर उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५चा देशाचा रोजगार हमी कायदा त्याच अनुभवाच्या आधाराने आला. नागरिकशास्त्रातला हक्कांचा पाठ इथे आजीच्या डोक्यावरच्या घमेल्याला येऊन मिळतो. ज्या शिक्षकाने ही वाट स्वतः काढली, त्याचा वर्ग दुसऱ्या दिवशीपासून वेगळा वाटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

२०२०च्या शैक्षणिक धोरणात दर शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. ते तास व्हिडिओ पुढे सरकवून आणि लिंक भरून संपू नयेत असं फार वाटतं. इथे शिक्षक आहेत, अभ्यासक आहेत, पालक आहेत. तुमच्याकडे काय घडतं, कुठे अडतं, ते मोकळेपणाने लिहा.

खडूफळा

बारवकाठ सर, वाचून बरं वाटलं. पण माझी शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक. एक जण मीटिंगला गेला की पाचही वर्ग माझ्याकडे. त्यात पोषण आहाराची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, यू-डायसची (शाळेच्या माहितीची) ऑनलाइन नोंद, निवडणूक आली की बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. शिक्षण हक्क कायद्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणुका एवढीच कामं मान्य आहेत, प्रत्यक्षात काय चालतं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं, मूल शाळेच्या फाटकाबाहेर गेलं आणि पडलं तर जबाबदारी माझी. सहलीची परवानगी मिळवायला किती कागद लागतात ते विचारू नका. त्यामुळे दोन दिवसांच्या शिबिरात मलाही मजा येईल, पण परत आल्यावर माझ्या शाळेत त्याचं काय होईल, हा प्रश्न मला पडतो. तुमचे शिक्षक परत गेल्यावर काय करतात? खरं सांगा.

बारवकाठ

खडूफळा, नुसतं शिबिर केलं तर फार काही होत नाही, हे खरं. दोन-तीन जण करतात, बाकीचे जुन्या वाटेला लागतात. म्हणून आम्ही शिबिरापेक्षा नंतरच्या वर्षावर भर देतो. आपल्याकडे केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद दर महिन्याला होते. सूचना वाचून दाखवणं आणि माहिती गोळा करणं यात ती संपते. आमच्या एका केंद्रप्रमुखांनी ती शाळाशाळांत फिरती केली. ज्या शाळेत परिषद, त्या शाळेचा शिक्षक आपल्या वर्गाबरोबर एक तास परिसरात काम करतो, बाकीचे बघतात, आणि मग त्यावर बोलतात. कौतुक सोहळा करायचा नाही, हा एकच नियम. 'मुलांनी हा प्रश्न विचारला तेव्हा तुम्ही लगेच उत्तर का दिलंत?' असं आता शिक्षक एकमेकांना विचारतात. हे व्हायला बराच काळ लागला.

सहलीबद्दल: परिसर म्हणजे सहल नव्हे. फाटकाच्या आतही परिसर आहे. शाळेची इमारत कधीची? जमीन कुणी दिली? जुन्या दाखलखारीज रजिस्टरात पहिल्या पानावर कुणाची नावं आहेत, मुलींची पहिली नोंद कधी येते? वैयक्तिक माहिती मुलांपुढे उघडी करायची नाही, पण शिक्षकाने आधी बघून वर्षं आणि संख्या काढून दिल्या तरी मुलं आलेख काढतात. आमच्या एका शाळेत मुलींची पहिली नोंद शाळा सुरू झाल्यावर बऱ्याच वर्षांनी सापडली, आणि पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, 'मग तोवर त्या काय करत होत्या?' तो प्रश्न घेऊन ती घरी गेली, पणजीकडे.

दुसरा सोपा विषय आठवडी बाजार. गावातच भरतो, पालक तिथेच असतात. भाजी कुठून आली, किती हातांतून आली, शेतावर काय भाव होता, इथे काय आहे. चौथीची मुलंसुद्धा नकाशावर दोरा लावून दाखवतात. पाच प्रश्नांच्या वर प्रश्न नकोत आणि विकणाऱ्याचा वेळ खायचा नाही, हे आधी वर्गात सराव करून घ्यायचं.

नर्मदाकाठी

मी इंदूरची. माझे वडील होशंगाबाद जिल्ह्यात शिक्षक होते, म्हणून इथे लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे १९७२ साली १६ शाळांमधून विज्ञानाचा एक कार्यक्रम सुरू झाला, होशंगाबाद विज्ञान. किशोर भारती आणि रसूलियाचं मित्र मंडळ केंद्र या दोन संस्थांनी तो सुरू केला. पुढे १९८२ साली एकलव्य संस्था झाली आणि तिने विज्ञानाबरोबर सहावी ते आठवीच्या सामाजिक अध्ययनाचंही काम हाती घेतलं, काही मोजक्या सरकारी शाळांत. त्या पुस्तकांत राजांच्या यादीऐवजी शिकारी माणूस कसा राहत होता, शेती आल्यावर काय बदललं, आपली पंचायत कशी चालते, असे विषय गोष्टींतून आणि प्रश्नांतून यायचे. परीक्षेत पुस्तक उघडून बघायला परवानगी असायची, कारण प्रश्नच असे असायचे की पुस्तकातली ओळ उतरवून उत्तर होत नसे.

पण या धाग्यासाठी महत्त्वाचं ते शिक्षकांचं. उन्हाळ्यात निवासी शिबिर, मग दर महिन्याला जवळच्या केंद्रावर बैठक. विज्ञानाच्या शिबिरात शिक्षक मुलांच्या जागी बसून स्वतः सगळे प्रयोग करत. वडील सांगायचे, तिथे विद्यापीठातले प्राध्यापकही येत आणि 'मला माहीत नाही, बघूया' असं म्हणत. शिक्षकांना त्याचंच अप्रूप होतं. मुलांनी 'सवालीराम' या पात्राला पत्रं लिहायची आणि त्यांना उत्तरं यायची. २००२ साली सरकारने हे कार्यक्रम शाळांतून बंद केले. पण त्या शिबिरांतून गेलेले शिक्षक निवृत्त होईपर्यंत तसेच शिकवत राहिले. वडिलांचे मित्र अजून भेटले की कुठल्या प्रयोगात कोण काय म्हणालं होतं त्यावर वाद घालतात.

तुमच्या केंद्राच्या फिरत्या परिषदेबद्दल वाचून मला त्या मासिक बैठका आठवल्या. शिबिर विसरलं जातं, बैठक टिकवून ठेवते, असं वडिलांचं मत होतं.

निळीपहाट

चांगला धागा. माझा मुद्दा थोडा अवघड आहे, पण बोलायलाच हवा.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात आम्हा शिक्षकांना गावाचा नकाशा काढायला सांगितला. सहा गटांनी सहा नकाशे काढले. मंदिर, चावडी, पार, शाळा, दूध डेअरी, सोसायटी, सगळं होतं. ओढ्यापलीकडची आमची वस्ती एकाही नकाशात नव्हती. कुणी मुद्दाम वगळली नव्हती. फिरताना तिकडे कुणी गेलंच नव्हतं. प्रशिक्षकाने सहाही नकाशांना शाबासकी दिली. मी उठून सांगितलं तेव्हा 'जागा पुरली नसेल' असं उत्तर मिळालं.

परिसरातून शिकायचं म्हटलं की परिसरात जे आहे ते सगळं येणार. त्यात जात आहे, जमिनीची मालकी आहे, पाणी आहे. ही तयारी शिक्षकाची करून घेतली नाही, तर परिसर अभ्यास म्हणजे गावातल्या वरच्या आळीची ओळख होऊन बसते. आणि याहून वाईट घडतं ते बलुतेदारीच्या पाठाला. 'तुझे वडील काय करतात, आजोबा काय करत होते, सांग वर्गाला.' वर्गातल्या एकेका मुलाला उभं करून त्याची जात वदवून घेण्याचाच हा प्रकार आहे, शिक्षकाच्या मनात तसं नसलं तरी. मी त्या बाकावर बसलेली आहे.

माझ्या वर्गात मी पाण्यापासून सुरुवात करते. गावातल्या सगळ्या पाणवठ्यांची यादी: आड, बारव, हापसा, टाकी, ओढ्यातला झरा. कुठला कधीचा? कोण भरायचं? आता कोण भरतं? नळ आल्यावर काय बदललं, कुठल्या गल्लीला शेवटी आला? इथे कुणालाही स्वतःची जात सांगावी लागत नाही, पण गावाची रचना आपोआप उलगडते. मग महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद खुला केला तो प्रसंग आणि २० मार्च १९२७ चं महाडचं चवदार तळं. मुलांना मग तो सत्याग्रह दूरचा वाटत नाही. एका मुलाने विचारलं, 'मॅडम, तळं तर नगरपालिकेनं खुलं केलेलं होतं ना, मग सत्याग्रह का करावा लागला?' ठराव झाला म्हणजे पाणी मिळालं असं नाही, हे सातवीतल्या मुलाने आपल्या गावातल्या नळावरून समजून घेतलेलं होतं.

प्रशिक्षणात एक प्रश्न सक्तीचा करा: आज आपण कुणाच्या घरी गेलो नाही आणि का?

बारवकाठ

निळीपहाट मॅडम, मनापासून आभार. शेवटचा प्रश्न आमच्या संध्याकाळच्या बैठकीत आता पहिला येईल. दुष्काळाच्या कामात तर तो हवाच. खडी फोडायला सगळे एका रांगेत होते असं मोठी माणसं अभिमानाने सांगतात. कामावर पाणी कसं वाटलं जायचं हे मात्र वस्तीवरच्याच माणसांना विचारावं लागतं.

मोडीप्रेमी

शिक्षक नाही, स्थानिक इतिहासाचा अभ्यास करतो, म्हणून साधनांबद्दल दोन शब्द.

गावागावांत वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड असतात, मारुतीच्या देवळाशेजारी टेकवून ठेवलेले, बऱ्याचदा शेंदूर किंवा ऑइल पेंट फासलेले. मुलांना घेऊन जायला उत्तम. पण शिक्षकाला आधी सवय लावायची ती आपण हे कशावरून म्हणतो, हे विचारायची. 'हा अमुक सरदाराच्या लढाईतला वीर' असं गावात कुणी तरी सांगतं आणि ते शाळेच्या हस्तलिखितात छापून येतं. वीरगळाचे थर बघायला शिकवा: खाली लढाईचा प्रसंग, मधे अप्सरा वीराला घेऊन जाताना, वर शिवलिंगाची पूजा, टोकाला सूर्य-चंद्र. खालच्या थरात गायी कोरलेल्या दिसल्या तर गोधनासाठी झालेली लढाई. एवढं दगड स्वतः सांगतो. नाव लेखाशिवाय सांगत नाही, आणि बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. 'नाव कळत नाही' असं लिहिणाऱ्या मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळायला हवेत.

मुंबई इलाख्याचे जुने गॅझेटिअर, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथ, शिक्षकांनी जरूर वापरावेत. सोलापूरचा खंड १८८४चा, पुण्याचा १८८५चा. गावचे बाजार, पिकं, रस्ते, दुष्काळ यांची नोंद आहे. पण ते राज्य करणाऱ्यांनी महसूल आणि बंदोबस्ताच्या नजरेने लिहिलेले आहेत, विशेषतः जातींची वर्णनं. ती जशीच्या तशी वर्गात वाचू नयेत. 'हे कुणी, कुणासाठी लिहिलं' हा प्रश्न विचारायला मात्र त्याच्यासारखा मजकूर नाही.

आणि आपल्या जवळच काय काय आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव, जिथे डेक्कन कॉलेजने ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांची वस्ती खणून काढली. प्रवरेकाठी जोर्वे, ज्याच्या नावाने अख्खी संस्कृती ओळखली जाते. धाराशिव जिल्ह्यात तेर, प्राचीन तगर, आणि तिथलं लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख. शेजारच्या तालुक्यातले शिक्षक एखाद्या प्रशिक्षणात तिथे एकत्र बसले आहेत, असं व्हायला हवं.

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये माझी मुलगी सोळाव्या वर्षीची जीसीएसई ही शालान्त परीक्षा देते. भूगोलात दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणी क्षेत्रभेट सक्तीची आहे, आणि लेखी परीक्षेत त्या भेटीवर प्रश्न येतात. म्हणजे मोजमाप कसं केलंत, त्यात काय उणीव राहिली, असं. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना प्रशिक्षणाच्या वर्षात किमान १२० दिवस शाळेत काढावे लागतात, जुन्या शिक्षकाच्या हाताखाली. इथेही पैशाअभावी सहली कमी झाल्याच्या तक्रारी असतात, सगळं आलबेल नाही. पण परीक्षेत विचारतात म्हणून क्षेत्रभेट होतेच, हा भाग घेण्यासारखा वाटतो.

अध्यापिका_निवृत्त

मी अध्यापक महाविद्यालयात इतिहास-अध्यापन पद्धती शिकवत होते. दोन गोष्टी लिहिते, एक जुनी आणि एक मतभेदाची.

जुनी अशी की हे आपल्या मातीत नवीन नाही. १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणात शेतीचं ज्ञान हवं असं सांगितलं होतं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम पुढे आली, हाताच्या कामाभोवती सगळे विषय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. गुरं राखायला गेलेली मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं. त्या स्वतः अध्यापक महाविद्यालयात प्राचार्य राहिलेल्या होत्या आणि शिक्षक घडवायचा तर प्रत्यक्ष शाळा हवी या ओढीने त्यांनी ते केलं. या माणसांबद्दल बी.एड.च्या पेपरात चार गुणांची टीप येते. त्यांनी शिक्षकांबरोबर नेमकं काय केलं, हे कुणी वाचत नाही.

मतभेदाची गोष्ट अशी. बारवकाठ, तुम्ही पद्धतीवर भर देता, मला आशयाची काळजी वाटते. माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणारे सगळे इतिहासाचे पदवीधर नसतात. उरलेले तास म्हणून इतिहास-भूगोल कुणाच्याही गळ्यात पडतो. अशा शिक्षकाला वीरगळासमोर उभं केलं आणि 'मुलांना प्रश्न विचारू द्या' म्हटलं, तर मुलं विचारतील आणि शिक्षक गप्प बसेल किंवा काहीतरी ठोकून देईल. मोडीप्रेमींनी वर चार ओळींत वीरगळाचे थर सांगितले. ते माहीत नसतील तर मुलं दगड बघून परत येतील. शोध घ्यायला लावणाऱ्या शिक्षकाला फळ्यावरून सांगणाऱ्यापेक्षा विषय जास्त यावा लागतो, कमी नाही. ही बाजू प्रशिक्षणातून गळते आणि मग खेळ, गाणी आणि तक्ते उरतात. ज्ञानरचनावादाच्या लाटेत काही ठिकाणी फार चांगलं काम झालं, आणि कित्येक ठिकाणी फरशीवर रंगीत आकृत्या काढून समाधान मानलं गेलं, ते यामुळेच.

बारवकाठ

ताई, तुमचं म्हणणं पटतं, एक भर घालतो. आशय आधी पूर्ण शिकवून मग शोधाला पाठवायचं म्हटलं तर शिक्षक कधीच बाहेर पडणार नाही. आमचा अनुभव असा की पारावर जुळवाजुळव करताना शिक्षकाला आपल्याला काय माहीत नाही ते कळतं, आणि त्या रात्री तो वाचायला मागतो. दुष्काळाच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हमी योजनेच्या कायद्याचा मजकूर, तालुक्याच्या पावसाचे आकडे आणि त्या काळातली वर्तमानपत्रांची कात्रणं देतो. हीच सामग्री पहिल्या दिवशी दिली तेव्हा ती पिशवीतच राहिली होती. क्रम महत्त्वाचा आहे. पण दुसऱ्या दिवशी विषयाचा जाणकार माणूस हवाच, यात तडजोड नको. स्थानिक महाविद्यालयातले इतिहास-भूगोलाचे प्राध्यापक यायला तयार असतात. त्यांना कुणी विचारत नाही.

गिरणगाव७

शहरातल्या शाळांचं काय? मी परळचा. आमच्या भागात १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपाची माणसं अजून चाळींत आहेत, भोंग्याच्या वेळा सांगतात, खानावळीतल्या मावश्यांच्या आठवणी सांगतात. दोन रस्ते सोडून असलेल्या शाळेत औद्योगिक क्रांतीच्या पाठात मँचेस्टरच्या गिरण्या येतात, खिडकीतून दिसणारी चिमणी येत नाही. पुण्यात १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुराच्या खुणा पेठांमधल्या भिंतींवर आहेत. शहरातल्या शिक्षकाला गावात न्यायची गरज नाही, त्याच्याच वॉर्डात न्या.

खडूफळा

सगळं वाचलं. निळीपहाट मॅडम, तुमचा पाणवठ्यांचा विषय मी उचलतो, आमच्या वाडीत तो फार जवळचा आहे. आता एक शेवटची अडचण. अधिकारी आले तर मी काय दाखवू? टाचण वहीत (पाठाच्या तयारीच्या नोंदवहीत) 'बाजारात गेलो' असं लिहिलं तर विचारणार, कुठला पाठ, कुठली अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला यातून काय यायला हवं? आणि गुण कसे देऊ?

बारवकाठ

टाचणात पाठ आणि निष्पत्ती लिहाच. परिसर अभ्यासाच्या निष्पत्तींमध्ये निरीक्षण करणं, माहिती नोंदवणं, मोठ्यांशी बोलून माहिती मिळवणं हे सगळं आहे. तुम्ही चौकटीबाहेर काही करतच नाही आहात. तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम यांना आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनात जागा आहेच.

गुणांसाठी आम्ही शिक्षकांबरोबर चार गोष्टी ठरवल्या. मुलाने स्वतःचा एक तरी प्रश्न विचारला का. उत्तर कुठून मिळालं ते नोंदवलं का. दोन माणसांच्या सांगण्यात फरक आढळला तर तो लपवला की लिहिला. काय कळलं नाही ते सांगितलं का. शेवटच्या दोन गोष्टींना जास्त गुण. सुरुवातीला शिक्षकांनाच हे जड जातं, चुकलेल्याला गुण देतोय असं वाटतं. म्हणून शिबिरात आधी शिक्षकांचेच अहवाल या चार गोष्टींवर एकमेकांकडून तपासून घेतो.

अधिकाऱ्यांना मुलांच्या वह्या दाखवा. तेवढ्यावर भागलं नाही तर त्यांना बाजाराच्या दिवशीच बोलवा. आमच्याकडे एक विस्तार अधिकारी आले होते, मुलीने त्यांनाच विचारलं, तुमच्या गावच्या बाजारात कांदा कुठून येतो?

निळीपहाट

खडूफळा, पाणवठ्यांची प्रश्नावली मी वापरते ती देते, त्यात तिसरीसाठी आणि सातवीसाठी वेगळे प्रश्न आहेत. एक विनंती, पहिल्यांदा मुलांशिवाय एकट्याने फिरा. कुठल्या आडाबद्दल विचारल्यावर लोक गप्प होतात ते आधी कळलेलं बरं. मुलांना तिथे नेऊ नका असं म्हणत नाही, पण कुणाबरोबर न्यायचं ते ठरवता येतं.

खडूफळा

नक्की मॅडम. रविवारी फिरतो. आमच्या केंद्राची पुढची परिषद आमच्याच शाळेत ठेवायची का, असं केंद्रप्रमुखांना विचारलंय. 'अजेंडा काय' म्हणाले. या धाग्याची लिंक पाठवली आहे. बारवकाठ सर, सोलापूरहून आमच्याकडे यायला तीन तास लागतात, परिषद सकाळी दहाला असते. जमेल का?

बारवकाठ

येतो. मोडीप्रेमींनाही विचारा, तुमच्या मारुतीच्या देवळामागे दगड आहेत असं तुम्ही मागे एकदा लिहिलं होतं. आणि शिक्षकांना आधीपासून काही सांगू नका, फक्त पायात चप्पल चांगली घालून या म्हणावं.